सबनीसांच्या ड्राइव्हवेवरचा मारुती

विष्णुकाका सबनीसांना तुम्ही काहीही सांगा, ते आधी विचारतात, “पुरावा?” बाहेर थंडी वाढलीय असं म्हटलं तरी खिडकीबाहेर लावलेल्या थर्मामीटरकडे बघतात आणि मगच मान हलवतात. मिशिगनमधल्या ट्रॉयच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना पाठीमागे ‘पुरावाकाका’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. त्याचाही पुरावा त्यांनी गोळा करून ठेवला असणार.

मी आणि माझा नवरा यतीन गेली सहा वर्षं त्यांच्या शेजारी राहतो. दोघंही नागपूरचे, दोघंही आयटीतले. मी जरा फटकळ आणि काका हट्टी, त्यामुळे आमचं बरं जमतं. काकांचं वय सत्त्याहत्तर. गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये त्यांनी चाळीस वर्षं काढली. गाडीची सीट मशीनवर हलवत ठेवायची आणि ती कितव्या लाख हेलकाव्याला मोडते ते लिहायचं, हे त्यांचं काम. मोडली म्हणून दुःख नाही, टिकली म्हणून आनंद नाही, आकडा तेवढा लिहायचा. घरीही तोच खाक्या. वीणाकाकू पुरणपोळी करोत की बटाटेवडे, काकांकडून मिळणारी सगळ्यात मोठी पावती एकच: “मीठ बरोबर आहे.” लग्नाला पन्नास वर्षं होत आली, काकूंच्या वाट्याला याहून जास्त काही आलेलं नाही.

काकू मात्र बडबड्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मी शनिवारी सकाळी चहाला जाते तेव्हा त्या कणीक भिजवत असतात, आणि त्यांची परात सबंध ओट्यावर डुगडुगत असते. स्टीलची, माहेरची, एका बाजूने चांगली चेपलेली. खाली फडक्याची घडी घातल्याशिवाय ती एका जागी राहत नाही. ही घडी काका घालतात. काकूंनी परात काढली की काका पेपर बाजूला ठेवून उठतात, फडकं चार पदरी दुमडतात, परातीखाली सरकवतात आणि परत पेपरात डोकं घालतात.

“काकू, नवी घ्या ना,” मी एकदा म्हटलं.

“हे घेऊ देतील तर! दर वेळी पुण्याहून येताना मी बॅगेत परात टाकते आणि वजन जास्त झालं म्हणून हे काढून ठेवतात. वापरात आहे ना, म्हणतात.”

“एवढी चेपली कशाने?”

“कधीची गोष्ट! बर्फात पडली होती.”

मी त्यांच्या वाढदिवसाला इंडियन स्टोअरमधून एक नवीकोरी परात आणून दिली. दुसऱ्या दिवशी काका ती पावतीसकट परत घेऊन आमच्या दारात उभे. “थँक यू हिमानी, बट नॉट रिक्वायर्ड,” म्हणाले. इतका चिक्कू माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, असं मी त्या दिवशी यतीनला सांगितलं. पुढे मला ते शब्द गिळावे लागले.

काकांना जगात एकाच गोष्टीचं वेड आहे, ते म्हणजे त्यांच्या गावच्या उभ्या दगडांचं. कराडजवळ त्यांचं गाव. तिथल्या देवळामागे अकरा कोरीव दगड रांगेने उभे आहेत. त्यातले सात वीरगळ आहेत, याबद्दल काकांचीही तक्रार नाही. लढताना किंवा गावची गुरं सोडवताना मेलेल्या माणसाचा हा दगड. खालच्या चौकटीत त्याची लढाई, मधल्या चौकटीत त्याला उचलून स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. उरलेले चार दगड मात्र कशासाठी उभे केले, हे कुणालाच ठाऊक नाही. त्यातल्या एकावर दोन माणसं समोरासमोर बसली आहेत आणि मध्ये काहीतरी गोल आहे. गावात कुणी त्याला जातं म्हणतं, कुणी सूर्य, कुणी भाकरी. काकांनी शाळेत असताना गुरुजींना विचारलं होतं. गुरुजींनी “आगाऊपणा करू नकोस” असं उत्तर दिलं. तिथपासून काका शोधातच आहेत.

गणेशोत्सवात दरवर्षी ते या दगडांवर बोलतात. वेळ पंधरा मिनिटांची, नेमकी जेवणाआधीची. मसालेभाताचा वास हॉलभर पसरलेला, पोरं कंटाळून खुर्च्यांखाली शिरलेली, आणि काका एकेक मत घेऊन त्याची चिरफाड करतायत. बावीस वर्षं त्यांच्या शेवटच्या स्लाइडवर तेच दोन शब्द आहेत: ‘प्रयोजन अनिश्चित.’ त्यावर टाळ्या जोरात पडतात, कारण त्यानंतर पानं वाढतात.

तर या काकांनी तीन वर्षांपूर्वी इंडियानाहून चुनखडीचा एक उंच दगड मागवला आणि गराजमध्ये नेऊन दार लावून घेतलं. आतून ठकठक ऐकू यायची. काका मास्क आणि गॉगल लावून, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन बाहेर यायचे. काकूंनी विचारलं की “प्रोजेक्ट आहे” म्हणायचे. शेवटी मागच्या सप्टेंबरात तो दगड ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभा राहिला. जमिनीवर चार फूट, जमिनीखाली साडेतीन, कारण मिशिगनची जमीन हिवाळ्यात तेवढी गोठते आणि वर उचलते. हिशेब चोख होता.

कोरीवकाम मात्र काय सांगावं! काकांनी बहुतेक आयुष्यात सरळ रेषाच काढल्या असाव्यात. तीन चौकटी होत्या, वर चंद्र-सूर्य होते, एवढं नक्की. खालच्या चौकटीत कुणीतरी जाडजूड व्यक्ती हात उगारून उभी होती आणि हातात काहीतरी दांडक्यासारखं होतं. मधल्या चौकटीत एक खोका, त्याला दोन चाकं, आत एक जण बसलेला आणि एक आडवा. वरच्या चौकटीत दोन माणसं आणि मध्ये काहीतरी गोल.

“काका, हे काय आहे?” सगळ्यांनी विचारलं.

“तुम्ही शोधा. पुरावा आणा.”

यतीनने मधल्या चौकटीत सेल्फ-ड्रायव्हिंग गाडी ओळखली आणि आडवा पडलेला तो झोपलेला मालक आहे असं जाहीर केलं. काका आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. कुणी म्हणालं वास्तुदोषावर उपाय आहे. काकू म्हणाल्या, “यांनी केलंय म्हणजे काहीतरी मोजायचं असेल.”

कोडं सोडवलं ते माझ्या सासूबाईंनी. पद्मिनीबाई त्याच महिन्यात नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. पहिल्याच सकाळी फिरायला निघाल्या आणि दगडापाशी थबकल्या. जाडजूड देह, एक हात वर, हातात गदा. दुसरं कोण असणार? आईंनी तिथेच हात जोडले. शनिवारी त्या वाटीत तिळाचं तेल आणि बॅगेतून आणलेला शेंदूर घेऊन गेल्या आणि खालची चौकट शेंदरी करून आल्या. रुईची पानं ट्रॉयमध्ये कुठून मिळणार, म्हणून त्यांनी मेपलच्या पानांचा हार ओवला. लाल, पिवळा, इतका सुरेख दिसत होता की तिसऱ्या शनिवारी पलीकडच्या गल्लीतल्या तीन बायका नारळ घेऊन आल्या. दगडाला शेंदूर लागला की त्याचा देव व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

आता काका खवळतील, असं मला वाटलं. एवढा पुराव्याचा माणूस! पण नाही. विचारलं तर म्हणाले, “लोकांच्या श्रद्धेत मी पडत नाही.” हे बोलणारा माणूस बावीस वर्षं लोकांच्या श्रद्धेतच पडत आला होता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सगळ्यात निष्ठावान भक्त निघाल्या वीणाकाकू. रोज सकाळी आंघोळ करून त्या दगडाला एक फूल वाहायच्या, वाकून नमस्कार करायच्या. जानेवारीत दगड कमरेपर्यंत बर्फात बुडाला तेव्हा त्या स्नो बूट घालून जायच्या आणि हाताने बर्फ बाजूला करून मारुतीरायाला मोकळा करायच्या. काका समोरच्या खिडकीत कॉफी घेऊन उभे असायचे आणि बघायचे.

आई मार्चमध्ये नागपूरला परत गेल्या, भक्त राहिले. बर्फ वितळल्यावर शनिवारी सात-आठ गाड्या रस्त्यात उभ्या राहू लागल्या, नारळाच्या तुकड्यांवर खारी भांडू लागल्या, आणि मे महिन्यात आमच्या वसाहतीच्या, म्हणजे सबडिव्हिजनच्या, असोसिएशनचं पत्र आलं. विनापरवाना बांधकाम. सोबतचा फॉर्म भरा, सुनावणीला या, नाहीतर एक जुलैला दगड उखडला जाईल. साडेतीन फूट काँक्रीटमधून उखडायचा म्हणजे तो तुटणारच, हे काकांनी मला हिशेब करून दाखवलं.

शेंदूर आमच्या घरातला, तेव्हा पाप माझ्याच माथी. मी फॉर्म भरायला बसले. नाव, पत्ता, उंची, वजन, सगळं काकांनी ग्रॅमपर्यंत सांगितलं. शेवटी चौकट होती: ‘पर्पज ऑफ स्ट्रक्चर.’

“काका, इथे काय लिहू?”

“अनसर्टन.”

“काका! तुम्ही स्वतः केलाय तो!”

“लिही सांगतो ते.”

“अहो, दगड जाईल!”

काका खिडकीबाहेर बघत राहिले. “माहीत आहे,” म्हणाले. मला इतका राग आला की मी पेन आपटलं, आणि मग ‘अनसर्टन’ लिहिलं.

सुनावणी जूनमध्ये, लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये, संध्याकाळी सहाला होती. बाहेर लख्ख ऊन होतं. बोर्डाची अध्यक्ष डेब्रा आणि आणखी चौघं टेबलामागे बसली होती. काकू ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून माझ्या शेजारी बसल्या. काकांनी लॅपटॉप उघडला आणि कराडजवळच्या अकरा दगडांवर चौदा स्लाइड दाखवल्या. इथे मसालेभातही नव्हता. शेवटची स्लाइड आली: प्रयोजन अनिश्चित.

डेब्रा बाई भली होती. तिने चष्मा काढला. “मिस्टर सबनीस, हे फार इंटरेस्टिंग आहे. पण ते दगड तुम्ही केलेले नाहीत. हा तुम्ही केलाय. हा कशासाठी आहे?”

काकांनी शेवटची स्लाइड उगाच मागे-पुढे केली. डेब्राने कागदांकडे पाहिलं आणि म्हणाली, “उद्देश सांगता येत नसेल तर आमच्याकडे दुसरा मार्ग नाही.” काकांनी हळूच लॅपटॉप मिटला. मला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात काकू उठल्या. पन्नास वर्षं अमेरिकेत राहून त्यांचं इंग्रजी अजून माहेरचं, सांगलीचं आहे, पण त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, “दॅट इज अवर गॉड. हनुमान. आय डू नमस्कार एव्हरी डे. प्लीज डोंट रिमूव्ह.”

डेब्राचा चेहरा खुलला. “ओह! रिलिजस! मग त्याला वेगळा नियम आहे. एवढं सांगितलं असतं तर—” तिने पेन उचललं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दगड वाचला होता. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा तर त्यांना दांडगा सराव होता.

पण खोटी नोंद होतेय म्हटल्यावर टेस्टिंग लॅब जागी झाली. “नो,” काका म्हणाले. “दॅट इज नॉट करेक्ट. तो मारुती नाही.”

“अहो, गप्प बसा ना!” काकू मराठीत दबक्या आवाजात ओरडल्या. “मारुती नाही तर कोण आहे?”

काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “तू आहेस.”

मग ते बोर्डाकडे वळले आणि इंग्रजीत बोलायला लागले. मराठीत त्यांना ते जमलंच नसतं. सव्वीस जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, म्हणाले. मोठं वादळ, सगळे रस्ते बंद. माझ्या पोटात पहाटेपासून कळा. ॲम्ब्युलन्स येऊ शकत नव्हती. माझी बायको चोवीस वर्षांची होती आणि तिने त्याआधी फक्त दोन हिवाळे पाहिले होते. तिने साडीवर माझा ओव्हरकोट चढवला आणि गाडी बाहेर काढायला ती बर्फ उपसू लागली. ड्राइव्हवे अडतीस फूट. विसाव्या मिनिटाला फावड्याचा दांडा मोडला. मग ती आत गेली आणि कणीक भिजवायची परात घेऊन आली. उरलेला सगळा बर्फ तिने परातीने उपसला. मी दाराच्या काचेतून बघत होतो. एकूण एक तास चाळीस मिनिटं. तिच्याकडे लायसन्स नव्हतं. मला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि बर्फ सारत चाललेल्या एका स्नोप्लाऊच्या मागे मागे तिने हॉस्पिटल गाठलं. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होतं, असं डॉक्टर म्हणाले.

“खाली ती आहे, फावडं घेऊन,” काका म्हणाले. “मध्ये ती मला नेतेय. वर आम्ही दोघं आहोत आणि मध्ये ती परात आहे. आमच्याकडे असा दगड माणूस मेल्यावर उभा करतात. मला वाटलं, तिने तो बघावा.” ते थांबले. “त्या दिवशी मी तिला एवढंच म्हणालो होतो की तू ब्रेक फार जोरात दाबतेस.”

मला तर रडूच फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. काकू उभ्याच होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पर्स हातातून खाली पडली होती. मग त्यांनी नाक पुसलं, हनुवटी वर केली आणि नवऱ्याला विचारलं, “पुरावा?”

“तुझ्या ओट्यावर आहे,” काका म्हणाले. “फेकू दिली नाही.”

बोर्डाने दगडाला ‘स्मारक’ म्हणून परवानगी दिली. त्या फॉर्मवर मृत्यूची तारीख लिहावी लागते. काकांनी तिथे ‘नॉट अप्लिकेबल’ लिहिलं, डेब्राने ते वाचून सही केली, आणि तरीही पुढच्या आठवड्यात असोसिएशनच्या ऑफिसकडून काकूंच्या नावाने छापील शोकपत्र आलं. काकूंनी ते फ्रिजवर लावलंय.

घरी येताना गाडी मी चालवत होते. ती दोघं मागे बसली होती. मग काकूंच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला.

“म्हणजे आठ महिने मी माझ्याच पाया पडत होते?”

“हं.”

“फूल वाहत होते! बर्फ काढत होते! आणि तुम्ही खिडकीतून मजा बघत होता?”

“मजा नाही. योग्य ठिकाणीच पडत होतीस, मी कशाला अडवू?”

काकूंनी त्यांच्या दंडावर पर्स मारली. मी आरशातून पाहिलं तर काका दंड चोळत हसत होते. वातावरण निवळलंय असं बघून मी विचारून घेतलं, “काका, तुमच्या गावच्या दगडावरचं ते गोल, तीही कुणाची परातच असेल का हो?”

सवयीने त्यांचं तोंड उघडलं, पण ‘पुरावा?’ हा शब्द काही आला नाही. बिग बीव्हर रोडचे दोन सिग्नल गेले. “शक्यता नाकारता येत नाही,” काका म्हणाले.

रात्री म्हणजे नागपूरची सकाळ, आईंच्या पूजेच्या वेळी नको म्हणून मी त्यांना दुसऱ्या दिवशी फोन केला. खरं सांगायची मला भीतीच वाटत होती. सहा महिने बाईंनी उपास करून तेल घातलेलं! मी चाचरत सांगितलं की आई, तो मारुती नव्हता, त्या वीणाकाकू होत्या. मग सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे बघ,” आई म्हणाल्या, “एवढा मोठा बर्फाचा डोंगर उपसला, आडव्या पडलेल्याला उचलून वैद्यापर्यंत नेलं, आणि वर कुणाला सांगितलं नाही. असंच ना?”

“हो.”

“मग माझं चुकलं कुठे? शेंदूर संपला असेल तर सांग, पाठवते.”